फाइल (आज्ञा)

फाइल ही युनिक्स व युनिक्ससदृश ऑपरेटिंग सिस्टिममधील एक प्रमाण आज्ञा असून दिलेल्या संचिकेचा प्रकार ओळखून सांगणे हे तिचे काम आहे. संचिकेत चित्र आहे की ध्वनी, साधा मजकूर आहे की चालवता येणारा प्रोग्रॅम, हे ती संचिकेच्या नावावरून न ठरवता आतील बाइट तपासून ठरवते. ही आज्ञा १९७३ साली संशोधन युनिक्सच्या चौथ्या आवृत्तीत प्रथम आली. पॉसिक्स मानकात तिचा समावेश असून लिनक्स, मॅकओएस आणि बीएसडी कुळातील प्रणालींवर ती उपलब्ध असते. विंडोजमध्ये ती मुळात नसते. मात्र सिगविन किंवा विंडोजमधील लिनक्स उपप्रणाली यांच्याद्वारे ती तेथेही वापरता येते.

या लेखात ‘फाइल’ हा शब्द आज्ञेचे नाव म्हणून आणि ‘संचिका’ हा शब्द संगणकावर साठवलेल्या माहितीच्या घटकासाठी योजला आहे. आज्ञा आणि तिची उत्तरे प्रत्यक्षात रोमन लिपीत असतात. येथे ती देवनागरीत लिप्यंतरित करून दिली आहेत.

पार्श्वभूमी

संगणकाच्या दृष्टीने कोणतीही संचिका म्हणजे बाइटची एक रांग असते. प्रत्येक बाइट ही ० ते २५५ यांमधील एक संख्या असते. तीच संख्या एखाद्या संचिकेत अक्षर दर्शवते, दुसरीत रंगाची छटा, तर तिसरीत प्रोसेसरला दिलेली सूचना. त्यामुळे रांगेचा अर्थ कसा लावायचा हे आधी ठाऊक असल्याशिवाय ती उघडता येत नाही. ही माहिती कोठे ठेवायची, या प्रश्नाची वेगवेगळ्या प्रणालींनी वेगवेगळी उत्तरे दिली.

सीपी/एम आणि त्यानंतरच्या डॉस या प्रणालींनी ती नावातच ठेवली. नावातील टिंबानंतर येणाऱ्या तीन अक्षरांना एक्स्टेंशन म्हणतात, ‘.टीएक्सटी’ म्हणजे मजकूर, ‘.ईएक्सई’ म्हणजे प्रोग्रॅम असा संकेत रूढ झाला आणि तो विंडोजमध्ये आजही पाळला जातो. ॲपलच्या जुन्या मॅक ओएसने प्रत्येक संचिकेबरोबर चार अक्षरी प्रकार आणि ती तयार करणाऱ्या प्रोग्रॅमचा चार अक्षरी संकेत अशा दोन नोंदी नावापासून अलग ठेवल्या. युनिक्सने यांपैकी काहीच केले नाही. युनिक्सच्या गाभ्याला साध्या संचिकेचा प्रकार ठाऊक नसतो आणि नावातील टिंबाला त्याच्या लेखी विशेष अर्थ नसतो. या साधेपणाचा लाभ असा, की कोणताही प्रोग्रॅम कोणतीही संचिका वाचू शकतो. त्याची किंमत अशी, की एखादी अनोळखी संचिका समोर आली तर तिच्यात काय आहे हे सांगणारे कोणी नसते. फाइल ही आज्ञा ही उणीव भरून काढते.

नाव हे बाहेरून चिकटवलेले लेबल असते. ते बदलल्याने आतील वस्तू बदलत नाही; ‘छायाचित्र.पीएनजी’चे नाव ‘छायाचित्र.जेपीजी’ केले तरी आतील एकही बाइट हलत नाही. शिवाय लेबल वाचणाऱ्याची फसगत होऊ शकते. मे २००० मध्ये जगभर पसरलेल्या ‘आयलव्हयू’ या संगणकीय कृमीच्या संचिकेचे नाव ‘.टीएक्सटी.व्हीबीएस’ असे संपत होते. विंडोज परिचित एक्स्टेंशन दाखवत नसल्यामुळे अनेकांना केवळ ‘.टीएक्सटी’ दिसले आणि निरुपद्रवी पत्र समजून त्यांनी प्रत्यक्षात एक प्रोग्रॅम चालवला.

इतिहास

आज्ञेची पहिली आवृत्ती बेल प्रयोगशाळेत तयार झालेल्या युनिक्सच्या चौथ्या आवृत्तीबरोबर आली; तिचे माहितीपृष्ठ नोव्हेंबर १९७३ चे आहे. त्या काळी ओळखायचे प्रकार मोजके होते आणि ते कसे ओळखायचे हे आज्ञेच्या प्रोग्रॅममध्येच लिहिलेले असे. नवा प्रकार जोडायचा तर प्रोग्रॅम बदलून पुन्हा संकलित करावा लागे. सिस्टिम पाच या युनिक्सच्या व्यापारी आवृत्तीत महत्त्वाचा बदल झाला. ओळखीचे नियम प्रोग्रॅमबाहेर काढून एका स्वतंत्र मजकूर संचिकेत ठेवण्यात आले. या बदलामुळे प्रोग्रॅमला हात न लावता नियमांत भर घालणे शक्य झाले.

सध्या लिनक्सवर आणि बहुतेक बीएसडी प्रणालींवर असलेली आवृत्ती कॅनडातील इयन डार्विन यांनी १९८६-८७ मध्ये नव्याने लिहिली. मूळ युनिक्सचा कोड तिच्यात वापरलेला नाही, त्यामुळे ती मुक्त परवान्याखाली देता आली. १९८९ मध्ये जेफ कॉलियर यांनी तिचा विस्तार केला. १९९३ च्या अखेरीपासून तिच्या देखभालीची धुरा ख्रिस्तोस झूलास यांच्याकडे आहे. ओपनबीएसडी या प्रणालीने पुढे आपली स्वतंत्र व आटोपशीर आवृत्ती लिहिली; तिच्यातील ओळखीचे नियम मात्र डार्विन-झूलास संग्रहातूनच घेतलेले आहेत.

कार्यपद्धती

संचिका हाती आल्यावर आज्ञा तीन प्रकारच्या चाचण्या क्रमाने करते. ज्या चाचणीत प्रथम यश येते तिचे उत्तर छापून ती थांबते.

पहिली चाचणी संचिका व्यवस्थेची असते. संचिका न उघडता, तिच्याविषयीची नोंद गाभ्याकडून मागवून ती साधी संचिका आहे, निर्देशिका आहे, दुसऱ्या संचिकेकडे बोट दाखवणारा दुवा आहे की एखाद्या उपकरणाचे प्रतिनिधित्व करणारी विशेष संचिका आहे, हे पाहिले जाते. संचिका रिकामी असेल तर ‘एम्प्टी’ असे उत्तर येथेच मिळते.

दुसरी चाचणी मॅजिक नंबरची असते. अनेक संचिका-प्रकारांत ठरावीक जागी ठरावीक बाइट असतात. या ओळखखुणेला मॅजिक नंबर म्हणतात. आज्ञा संचिकेचा सुरुवातीचा भाग वाचून तो हजारो ज्ञात ओळखखुणांशी ताडून पाहते.

तिसरी चाचणी मजकुराची असते. ओळखखूण सापडली नाही, तर संचिकेतील बाइट कोणत्या अक्षरसंकेतात बसतात ते पाहिले जाते. सर्व बाइट ॲस्कीच्या छापण्याजोग्या अक्षरांचे असतील तर ‘ॲस्की टेक्स्ट’, युटीएफ-८ च्या नियमांत बसत असतील तर ‘युटीएफ-८’ असे उत्तर मिळते. ओळींच्या शेवटी कोणते चिन्ह आहे आणि ओळी फार लांब आहेत का, हेही सांगितले जाते. त्यानंतर विशिष्ट शब्दांवरून मजकुराची जात ओळखण्याचा प्रयत्न होतो. उदाहरणार्थ, ‘स्ट्रक्ट’ हा शब्द सी भाषेतील प्रोग्रॅम सुचवतो. हे अनुमान पहिल्या दोन चाचण्यांइतके भरवशाचे नसते, म्हणूनच ते शेवटी केले जाते.

तिन्ही चाचण्या निष्फळ ठरल्या तर आज्ञा केवळ ‘डेटा’ असे उत्तर देते. बाइट आहेत, पण त्यांची ओळख पटली नाही, एवढाच त्याचा अर्थ.

मॅजिक नंबर

या संकल्पनेचा उगम युनिक्सच्या सुरुवातीच्या काळात आहे. पीडीपी-११ या संगणकावरील युनिक्समध्ये चालवता येणाऱ्या संचिकेच्या आरंभी अष्टमान पद्धतीतील ४०७ ही संख्या असे. ती निव्वळ खूण नव्हती. त्या संगणकाच्या यंत्रभाषेत तिचा अर्थ ‘पुढे उडी घे’ असा होता आणि ती उडी नेमकी १६ बाइटच्या शीर्षभागापलीकडे, म्हणजे खऱ्या प्रोग्रॅमच्या पहिल्या सूचनेवर पडे. पुढे हीच संख्या गाभा ओळखचिन्ह म्हणून तपासू लागला आणि ४१०, ४११ अशा नव्या संख्या नव्या रचनांसाठी योजल्या गेल्या. अशा संख्यांना मॅजिक नंबर हे नाव मिळाले आणि ते सर्वच संचिका-प्रकारांच्या ओळखखुणांना लागू झाले.

काही परिचित ओळखखुणा पुढीलप्रमाणे आहेत. संख्या दशमान पद्धतीत दिल्या आहेत.

• जीआयएफ चित्र: आरंभी ‘जीआयएफ८७ए’ किंवा ‘जीआयएफ८९ए’ ही सहा अक्षरे.
• जेपीईजी चित्र: २५५, २१६, २५५.
• पीडीएफ दस्तऐवज: टक्केचिन्ह, त्यानंतर ‘पीडीएफ’ ही अक्षरे व आडवी रेघ, पुढे आवृत्तीचा क्रमांक.
• झिप संग्रह: ८०, ७५, ३, ४. यांतील पहिले दोन बाइट ‘पीके’ ही अक्षरे असून ती झिपचे जनक फिल कॅट्झ यांची आद्याक्षरे आहेत.
• डॉस व विंडोजचा प्रोग्रॅम: ७७, ९०, म्हणजे ‘एमझेड’. ही मायक्रोसॉफ्टमधील मार्क झ्बिकोव्स्की यांची आद्याक्षरे होत.
• लिनक्सचा प्रोग्रॅम: १२७ आणि त्यानंतर ‘ईएलएफ’ ही अक्षरे.
• जीझिपने आकुंचित केलेली संचिका: ३१, १३९.
• शेल किंवा अन्य भाषेतील स्क्रिप्ट: हॅशचिन्ह व उद्गारचिन्ह, आणि पुढे ती चालवणाऱ्या प्रोग्रॅमचा पत्ता.

पीएनजी चित्राची ओळखखूण विशेष विचारपूर्वक बनवलेली आहे. ती १३७, ८०, ७८, ७१, १३, १०, २६, १० या आठ बाइटची असते. पहिला बाइट १२७ पेक्षा मोठा ठेवला आहे. संचिका पाठवताना वाटेत आठवा बिट गाळला गेला असेल तर तो लगेच बदललेला दिसतो. पुढील तीन बाइट ‘पीएनजी’ ही अक्षरे आहेत. १३ व १० ही जोडी आणि शेवटचा एकटा १० हे ओळ संपल्याचे संकेत आहेत. एखाद्या प्रोग्रॅमने संचिकेला मजकूर समजून हे संकेत आपल्या पद्धतीने बदलले असतील, तर खूण मोडते आणि बिघाड उघड होतो. २६ हा बाइट डॉसमध्ये मजकुराचा शेवट दर्शवतो. त्यामुळे चित्राची संचिका चुकून पडद्यावर छापायला घेतली तर निरर्थक चिन्हांचा पूर येण्याआधीच छपाई थांबते. प्रकार ओळखणे आणि वाटेतील मोडतोड पकडणे अशी दोन्ही कामे हे आठ बाइट करतात.

ओळखखूण नेहमी आरंभीच असते असे नाही. टार संग्रहात पहिले २५७ बाइट आतील पहिल्या संचिकेचे नाव, आकार इत्यादी तपशिलांसाठी राखलेले असतात. त्यानंतर ‘युस्टार’ ही खूण येते. जुन्या टार संग्रहांत तर खूणच नसते. तेथे शीर्षभागातील बाइटची बेरीज करून ती नोंदलेल्या बेरजेशी जुळते का, हे पाहिले जाते. सीडीच्या आयएसओ प्रतिमेत पहिले ३२,७६८ बाइट प्रणालीच्या वापरासाठी मोकळे सोडलेले असल्याने ‘सीडी००१’ ही खूण ३२,७६९ व्या स्थानावर असते. येथे स्थानांची मोजणी शून्यापासून केली जाते.

मॅजिक संचिका

ओळखीचे नियम ज्या संग्रहात असतात त्याला मॅजिक संचिका म्हणतात. वेगाने वाचता यावे म्हणून ती आधीच संकलित करून ठेवलेली असते. तिच्यातील प्रत्येक नियम एका ओळीचा असून त्याचे चार भाग असतात: कोणत्या स्थानावर पाहायचे, तेथील बाइटचा अर्थ कसा लावायचा, कोणत्या मूल्याशी तुलना करायची आणि जुळल्यास काय छापायचे. ‘स्थान ०, अक्षरमाला, टक्केचिन्ह-पीडीएफ-रेघ, पीडीएफ डॉक्युमेंट’ हा नियम शब्दांत असा वाचता येईल: आरंभी ही पाच चिन्हे असतील तर हा पीडीएफ दस्तऐवज आहे.

ओळीच्या आरंभी ‘पेक्षा मोठे’ हे चिन्ह असेल तर तो उपनियम असतो. मुख्य नियम जुळला तरच तो तपासला जातो. पीडीएफची आवृत्ती, चित्राची लांबी-रुंदी, प्रोग्रॅम कोणत्या प्रोसेसरसाठी आहे, असे तपशील उपनियमांतून मिळतात. एकाच संचिकेला अनेक नियम लागू होण्याचा संभव असल्याने नियमांना बळ दिलेले असते. लांब व नेमकी खूण असलेला नियम आधी, तर एक-दोन बाइटची तोकडी खूण असलेला नियम नंतर तपासला जातो.

हे नियम वाचून ओळख पटवणारा भाग ‘लिबमॅजिक’ या नावाने स्वतंत्र लायब्ररीच्या रूपात मिळतो. पायथनसारख्या भाषांतून तो वापरता येतो. पीएचपी भाषेत ५.३ या आवृत्तीपासून ‘फाइलइन्फो’ हा विस्तार समाविष्ट असून तो याच लायब्ररीवर आधारलेला आहे.

वापर

आज्ञेचे नाव लिहून त्यापुढे एक वा अनेक संचिकांची नावे दिली जातात. आधी उल्लेखिलेल्या, नाव बदललेल्या चित्राबाबत संवाद असा होईल:

फाइल छायाचित्र.जेपीजी
छायाचित्र.जेपीजी: पीएनजी इमेज डेटा, ८०० x ६००, ८-बिट/कलर आरजीबी, नॉन-इंटरलेस्ड

उत्तरात प्रथम संचिकेचे नाव, मग विसर्गचिन्ह आणि त्यानंतर प्रकार येतो. नाव जेपीजी असले तरी आत पीएनजी चित्र आहे, हे आज्ञा सांगते. आज्ञा संचिकेत कोणताही बदल करत नाही आणि तिचे नावही दुरुस्त करत नाही.

आज्ञेसोबत देता येणाऱ्या पर्यायांपैकी पुढील पर्याय नेहमी लागतात.

• -बी: नाव वगळून फक्त प्रकार छापतो.
• -आय: माणसाला वाचण्यासाठीच्या वर्णनाऐवजी ‘इमेज/पीएनजी’ अशा धर्तीचे माइम नाव व अक्षरसंकेत देतो. वेबसर्व्हर आणि ई-पत्राचे प्रोग्रॅम हीच नावे वापरतात.
• -झेड: आकुंचित संचिकेच्या आत डोकावून मूळ प्रकार सांगतो.
• -के: पहिल्या उत्तरावर न थांबता जुळणारे इतर प्रकारही देतो.
• -एफ: तपासायच्या संचिकांची नावे एका यादीतून घेतो.
• -एम: प्रमाण संग्रहाऐवजी वापरणाऱ्याने दिलेली मॅजिक संचिका वापरतो.

संचिका अस्तित्वात नसेल किंवा वाचण्याची परवानगी नसेल, तर आज्ञा तसे उत्तरातच लिहिते. पॉसिक्स मानकानुसार ही आज्ञेची चूक मानली जात नाही. म्हणून स्क्रिप्टमध्ये तिचा उपयोग करताना आज्ञा यशस्वी झाली की नाही एवढेच न पाहता उत्तराचा मजकूरही तपासावा लागतो.

उपयोग

संकेतस्थळावर कोणी छायाचित्र चढवले, तर ते खरोखर छायाचित्र आहे का, हे नावावरून न ठरवता आशयावरून ठरवणे आवश्यक असते. ई-पत्रासोबत आलेल्या जोडपत्रांची छाननी करणाऱ्या प्रणालीही याच तत्त्वाने चालतात. बिघडलेल्या डिस्कवरून माहिती परत मिळवताना नावांची नोंद अनेकदा नष्ट झालेली असते. अशा वेळी डिस्कवरील बाइट ओळीने वाचून ओळखखुणा शोधल्या जातात आणि तेथून पुढचा भाग वेगळा काढला जातो. न्यायवैद्यक तपासात, नाव बदलून दडवलेली चित्रे वा दस्तऐवज शोधण्यासाठी नाव आणि आशय यांतील विसंगती हाच पहिला धागा ठरतो. अभिलेखागारांत दशकांपूर्वीच्या संचिका जतन करताना त्या कोणत्या रचनेत आहेत हे आधी समजले, तरच त्या पुढे वाचता येण्याची तजवीज करता येते.

मर्यादा

फाइल आज्ञेचे उत्तर हा पुराव्यावरून काढलेला निष्कर्ष असतो. ते प्रमाणपत्र नसते. नावापेक्षा आशयाचा पुरावा अधिक भक्कम असला तरी तोही चुकू शकतो.

चुकीचे एक कारण नियमांतील दोष हे आहे. २००९ च्या सुमारास उबुंटू लिनक्सच्या काही वापरकर्त्यांनी ‘ओपनऑफिसमधून मंगळवारी छपाई होत नाही’ अशी तक्रार केली. प्रथमदर्शनी अविश्वसनीय वाटणाऱ्या या तक्रारीचे मूळ मॅजिक संचिकेत सापडले. अर्लांग भाषेच्या एका जुन्या संचिका-प्रकाराची ओळखखूण ‘मंगळ, २२ जानेवारी’पासून सुरू होणारी १९९१ सालची एक संपूर्ण तारीख व वेळ ही होती. नियम लिहिताना त्या तारखेतील मोकळ्या जागा खुणेचाच भाग आहेत हे दर्शवायचे राहून गेले. त्यामुळे पहिल्या मोकळ्या जागेपाशीच खूण संपली आणि ‘मंगळ’ या अर्थाची तीन इंग्रजी अक्षरे तेवढी उरली. छपाईसाठी तयार होणाऱ्या पोस्टस्क्रिप्ट संचिकेत निर्मितीची तारीख लिहिली जाते. मंगळवारी ती अक्षरे नेमकी त्या जागी येत आणि संचिका अर्लांगची ठरे. छपाईच्या साखळीतील पुढचा टप्पा मग ती नाकारत असे. आठवड्याच्या इतर दिवशी सर्व सुरळीत चाले.

दुसरे कारण एकाच खुणेचे दोन धनी हे आहे. जावा भाषेतील संकलित संचिका आणि मॅकओएसमधील अनेक प्रोसेसरांसाठी एकत्र बांधलेला प्रोग्रॅम, या दोन्हींच्या आरंभी २०२, २५४, १८६, १९० हेच चार बाइट असतात. त्यांतील फरक पुढच्या चार बाइटवरून करावा लागतो. जावामध्ये तेथे आवृत्ती असते व तिचा मुख्य क्रमांक ४५ पासून सुरू होतो. मॅकच्या प्रोग्रॅममध्ये तेथे प्रोसेसर-प्रकारांची संख्या असते आणि ती फार लहान असते. लहान संख्या दिसली तर मॅक, मोठी दिसली तर जावा, असा हा व्यवहारी तोडगा आहे.

तिसरी अडचण एका वेष्टनात अनेक प्रकार असण्याची आहे. वर्डची अलीकडची दस्तऐवज-रचना, ओपनडॉक्युमेंट, ईपब पुस्तके, अँड्रॉइडची ॲप हे सर्व मुळात झिप संग्रह आहेत. केवळ पहिले चार बाइट पाहिले तर सगळ्यांचे उत्तर ‘झिप’ असेच येईल. ईपब व ओपनडॉक्युमेंट यांच्या मानकांनी यावर उपाय योजला आहे. संग्रहातील पहिली संचिका ‘माइमटाइप’ नावाची असते आणि ती आकुंचित न करता ठेवली जाते. त्यामुळे प्रकाराचे नाव ३८ व्या स्थानापासून उघड वाचता येते.

चौथी अडचण हेतुपुरस्सर फसवणुकीची आहे. ओळखखूण हे काही बाइट असतात आणि ते कोणीही लिहू शकतो. झिपची अनुक्रमणिका संचिकेच्या शेवटी असते, तर जीआयएफची खूण आरंभी. म्हणून जीआयएफ चित्राच्या शेवटी झिप संग्रह जोडला, तर तीच संचिका दोन्ही प्रकारे वैध ठरू शकते. जावाचे संग्रह झिपच असल्याने २००८ मध्ये सुरक्षा संशोधकांनी ‘जीफार’ नावाने अशी जोडसंचिका दाखवून दिली. चित्र म्हणून संकेतस्थळावर स्वीकारली गेलेली संचिका ब्राउझरमध्ये प्रोग्रॅम म्हणून चालू शकत होती.

साध्या मजकुराच्या बाबतीत तर आज्ञेला फारसे काही सांगता येत नाही. आयलव्हयू कृमी हा मजकूररूपातील प्रोग्रॅम होता. अशी संचिका दिल्यास ती मजकुराची आहे एवढेच उत्तर येण्याची शक्यता अधिक. संचिकेचा प्रकार कळणे म्हणजे ती निर्धोक असल्याचे कळणे नव्हे.

मराठी मजकुराच्या संचिका

मराठी मजकुरासंबंधी आज्ञेची उत्तरे तो कोणत्या संकेतात टंकला आहे यावर अवलंबून असतात. युनिकोडमधील देवनागरीचे प्रत्येक चिन्ह युटीएफ-८ मध्ये तीन बाइट घेते. पहिला बाइट नेहमी २२४ आणि दुसरा १६४ किंवा १६५ असतो. ‘म’ हे अक्षर २२४, १६४, १७४ असे लिहिले जाते. ‘मराठी’ या शब्दात काना व वेलांटी धरून पाच चिन्हे असल्याने तो १५ बाइटचा होतो. ही रचना इतकी नियमबद्ध आहे, की अन्य संकेतातील लांब मजकूर योगायोगाने तिच्यात बसणे जवळजवळ अशक्य असते. त्यामुळे ‘युटीएफ-८’ हे उत्तर विश्वासार्ह मानता येते. मात्र मजकूर मराठी आहे की हिंदी, नेपाळी वा संस्कृत, हे त्यावरून कळत नाही, कारण या सर्व भाषांची लिपी व संकेत एकच आहेत.

युनिकोडपूर्व मजकुराची गोष्ट वेगळी आहे. १९९१ मध्ये भारतीय मानक ठरलेल्या इस्की संकेतात देवनागरीच्या प्रत्येक चिन्हाला एक बाइट दिलेला असून ते बाइट १६० च्या पुढील आहेत. युरोपीय भाषांसाठीच्या आयएसओ-८८५९ संकेतांचेही क्षेत्र तेच आहे. त्यामुळे इस्कीतील मराठी संचिका आज्ञेला ‘आयएसओ-८८५९ टेक्स्ट’ वाटते. कृतिदेव किंवा श्रीलिपी यांसारख्या जुन्या फाँटमध्ये टंकलेल्या मजकुरात तर संकेत इंग्रजी अक्षरांचे आणि चित्रे तेवढी देवनागरीची असतात. असा मजकूर साध्या संचिकेत साठवला असेल तर आज्ञा त्याला ‘ॲस्की टेक्स्ट’ किंवा तत्सम काही म्हणते. बाइटपुरते पाहिले तर ते उत्तर बरोबरच असते, पण त्यातून मराठीचा मागमूस लागत नाही. कोणता फाँट वापरला होता याची नोंद संचिकेत नसेल, तर ती माहिती बाहेरूनच मिळवावी लागते. जुने ग्रंथ, अंक वा कार्यालयीन कागद यांच्या संगणकीय प्रती युनिकोडमध्ये आणताना फाँटचे नाव जपून ठेवणे म्हणूनच अगत्याचे ठरते.

सुरक्षितता

अनोळखी संचिका तपासणे हेच काम असल्याने आज्ञेला प्रतिकूल हेतूने बनवलेल्या संचिकाही वाचाव्या लागतात. तिच्या स्वतःच्या कोडमधील दोषांचा फायदा घेणे त्यामुळे शक्य होते आणि असे दोष वेळोवेळी आढळून दुरुस्त करण्यात आले आहेत. लिनक्सवरील नव्या आवृत्त्यांत, सोय उपलब्ध असल्यास, आज्ञा स्वतःवर बंधने घालून घेते व कामापुरत्याच गाभासेवा वापरते. ओपनबीएसडीच्या आवृत्तीत संचिकेचे विश्लेषण कमी अधिकार असलेल्या वेगळ्या प्रक्रियेत केले जाते. आज्ञा अद्ययावत ठेवणे आणि ती प्रशासकाच्या अधिकाराने न चालवणे हे इष्ट समजले जाते.

तत्सम साधने

ब्रिटनच्या राष्ट्रीय अभिलेखागाराने संचिका-प्रकारांची ‘प्रोनॉम’ ही नोंदवही आणि तिच्या आधारे संचिका ओळखणारे ‘ड्रॉइड’ हे साधन विकसित केले असून दोन्हींचा भर दीर्घकालीन जतनावर आहे. विंडोजवर ‘ट्रिड’ हे साधन प्रचलित आहे. ‘अपाची टिका’ प्रकार ओळखण्याबरोबर संचिकेतील मजकूर व तिच्याविषयीची माहितीही काढून देते. ‘फोटोरेक’ हा प्रोग्रॅम ओळखखुणांच्या आधारे पुसल्या गेलेल्या संचिका परत मिळवतो. २०२४ मध्ये गूगलने ‘मॅजिका’ हे साधन मुक्त परवान्याखाली उपलब्ध केले. त्यात हाताने लिहिलेल्या नियमांऐवजी उदाहरणांवरून शिकलेले प्रारूप वापरलेले असून, ठळक ओळखखूण नसलेल्या मजकूररूप संचिका वेगवेगळ्या ओळखण्यावर त्याचा विशेष भर आहे.